शिल्लक ४१२ रुपये

थोरल्या मुलीचा परवा फोन आला. पुढच्या महिन्यात ती तिच्या दोन्ही मुलींना घेऊन शनिवार-रविवार मुंबईला जाणार आहे. खरेदी आणि खाणं, बस, एवढाच बेत. "बाबा, तुम्ही आम्हाला नेलं होतं ना, तसा हिशोब मांडून द्या," म्हणाली. त्यावरून हे लिहायला बसलो.

साल १९९४. आम्ही इंदूरला, रामबागेत. थोरली सोळा वर्षांची, धाकटी तेरा. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे सौ.ला घर सोडता येत नव्हतं. ती माहीमची, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेली. खरं तर मुंबई तिची. पण मुलींना घेऊन निघालो मी, ज्याला फॅशन स्ट्रीट कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

बेत तिनेच आखला. वहीचा कागद फाडून दोन्ही दिवस लिहून दिले. "फोर्टातली दुकानं रविवारी बंद आणि दादरची सोमवारी, म्हणून शनिवारी फोर्ट आणि रविवारी दादर. उलटं केलंत तर हात हलवत याल." फॅशन स्ट्रीटला सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा, क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहचा फालुदा, दादरला रानडे रोड, असं सगळं ओळीने. शनिवारी दुपारपुढे लिहिलं होतं : जहांगीर आर्ट गॅलरी, समोवर, पराठा. त्याखाली रेघ.

मी माझ्या पद्धतीने तीन पाकिटं केली. प्रवास, खरेदी, खाणं. बँकेतला माणूस, दुसरं काय करणार! शुक्रवारी अवंतिका पकडली. सोबत मुलींच्या मामाकडे द्यायला दोन किलो शेव, आणि पोळ्या-भाजीचा डबा.

शनिवारी फॅशन स्ट्रीटला मुली माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. सराफ्यात, राजवाड्यावर तयार झालेल्या पोरी त्या! धाकटीने एक जीन्स अशी घासाघीस करून घेतली की दुकानदारच हसायला लागला. पण भाव ऐकून माझा जीव खालीवर होत होता. खरेदीचं पाकीट दुपारपर्यंत निम्म्यावर आलं.

मग जहांगीरला गेलो. समोवर म्हणजे आतल्या बाजूचा लांबट व्हरांडा, पलीकडे म्युझियमची हिरवळ. मी दारातच मेनूकार्ड मागून घेतलं. भाव वाचले, मनात तीनने गुणले आणि कार्ड परत दिलं. "मामीने दिलेल्या पोळ्या आहेत की आपल्याजवळ," असं म्हणून मुलींना बाहेर आणलं. गॅलरीच्या पायरीवर बसून आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली. मुली काही बोलल्या नाहीत. बादशाहला मी एका फालुद्यात तीन चमचे मागितले, तेव्हाही बोलल्या नाहीत.

रविवारी दादरला मात्र मजा आली. आमच्या मुलींची मराठी उंबऱ्याच्या आतली, बाहेर सगळी हिंदी. रानडे रोडवर धाकटी थक्क होऊन म्हणाली, "बाबा, इथे तर भाजीवालीपण मराठीत भांडून राहिली!" दिवसभर ती गरज नसताना प्रत्येक दुकानात भाव विचारत हिंडली. फक्त मराठी बोलायला मिळावं म्हणून.

सोमवारी सकाळी घरी पोचलो. पाकिटं टेबलावर ठेवून मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "शिल्लक ४१२ रुपये." सौ. आईचं अंग पुसत होती. तिने मान वर करून मुलींना विचारलं, "समोवरला बसलात का गं? हिरवळीच्या बाजूला जागा मिळाली?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मग थोरली म्हणाली, "खूप गर्दी होती, आई." मला वाचवायला ती खोटं बोलली. सौ.ने माझ्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. तो कागद तिने मुलींसाठी लिहिला होता, पण त्या एका ओळीत ती स्वतः जाऊन बसणार होती, हे मला तेव्हा कळलं.

तिच्याबरोबर जाऊ, जाऊ म्हणत राहिलो. आधी आईचं आजारपण, मग माझी बदली, मग मुलींची लग्नं. २०१५ साली समोवर बंद झालं. बातमी तिनेच वाचून दाखवली आणि चहा गाळायला उठली. बोलली काहीच नाही.

थोरलीला हिशोब करून पाठवलाय. दुकानांचे बंदचे दिवस आधी विचारून घे, खरेदीचे पैसे मुलींच्या हातात दे आणि घासाघीस त्यांनाच करू दे, एवढं लिहिलं. तीनऐवजी चार पाकिटं करायला सांगितली आहेत. चौथ्यावर काही लिहायचं नाही, आणि ते रिकामं करूनच परत यायचं.

आणि या वेळी आजीला बरोबर घेऊन जा, हेही लिहिलं. गुडघे दुखतात म्हणून ती नको म्हणतेय. पण काल कपाटातून तिची निळी साडी बाहेर आलेली मी पाहिली.