अंधारातील सरोवर आणि एक नाणे

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर, अटलांटिक महासागरात, स्पेनचे लान्झारोते हे बेट आहे. त्याच्या उत्तर भागात ला कोरोना हा ज्वालामुखी सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जागृत झाला. लाव्हाचा ओघ समुद्राकडे निघाला. वरचा थर निवून दगड झाला, आतला तप्त रस मात्र वाहत राहिला आणि ओसरल्यावर मागे लांबच लांब पोकळी उरली. ते हिमयुग होते, समुद्र आजच्यापेक्षा पुष्कळ खाली होता. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि त्या पोकळीचा शेवटचा दीड किलोमीटर भाग जलमय झाला. हाच अटलांटिडा बोगदा.

येथे उतरण्यास नौका लागत नाही. किनाऱ्यालगत छत कोसळून पडलेल्या विवराला तेथे 'हामेओ' म्हणतात. त्यातून पायऱ्या उतरून गेले की भूमीच्या पोटातच पाणी लागते. पर्यटकांना त्यापुढे प्रवेश नाही. संशोधक पाणबुडेच पुढे जातात, तेही परवानगीने. माथ्यावर अखंड खडक, त्यावर समुद्र. संकट आले तरी सरळ वर येणे नाही. म्हणून प्रवेशापासून दोरी सोडत जायचे आणि हवेचा हिशेब व्यापाऱ्याच्या काटेकोरपणे ठेवायचा: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी, उरलेली केवळ अडचणीसाठी. वाटेत वरून झिरपलेल्या वाळूची टेकडी लागते. सुमारे चौसष्ट मीटर खोलीवर मार्ग संपतो. समुद्राकडे उघडे दार नाही. पाणी खडकाच्या फटींतून येते, तरीही भरती-ओहोटीबरोबर ते आत चढते, उतरते.

या अंधारात जीव आहेत. २००९ साली येथील एका नव्या जलचराची शास्त्रात नोंद झाली. तो आंधळा असून अनेक पायांनी पोहतो. सर्वांच्या परिचयाचा आहे तो मात्र पांढरा, दृष्टिहीन, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा खेकडासदृश जीव. लान्झारोतेखेरीज तो जगात कोठेही आढळत नाही. कलावंत सेसार मान्रिके यांनी नटवलेल्या हामेओस देल आग्वा या स्थळी, सरोवराच्या काळ्या खडकावर तो तांदळाच्या दाण्यांसारखा विखुरलेला दिसतो.

हे स्थळ १९६६ साली लोकांसाठी खुले झाले आणि लोकांबरोबर नाणीही आली. पुलावरून गाडी जाताना नदीत नाणे टाकणारे हात आपल्याकडेही आहेत; त्यामागे श्रद्धाच असते, दुष्टावा नव्हे. पण येथील पाणी वाहते नाही. धातू गंजतो, त्याचा अंश पाण्यात उतरतो आणि या जीवांना तो विषासमान ठरतो. हजारो वर्षे ज्यांनी अंधारात निर्वेधपणे काळ काढला, त्यांना नष्ट करण्यास मूठभर चिल्लर पुरेशी आहे. म्हणून येथे पाण्यात नाणे टाकण्यास मनाई आहे. पर्यटक काठावर वाकून पाहतात. खाली पांढरे ठिपके संथ सरकत असतात आणि भरतीचे पाणी त्यांच्यावर हळूहळू चढत जाते.