पाइपांतलं काळं पाणी

लेस्टर, ११ जानेवारी

पहाटे जाग आली ती थंडीने. बाहेर उणे ३, आणि हॉलमधल्या थर्मोस्टॅटवर जेमतेम १३. बॉयलर मात्र पेटत होता. पेटायचा, आतून खदखदल्याचा आवाज यायचा आणि थोड्याच वेळात विझायचा. जरा निवला की पुन्हा तेच. आई नोव्हेंबरात इचलकरंजीहून आली आहे. शाल, स्वेटर, वर माझा जुना कोट अशी ती स्वयंपाकघरात चहाच्या आधणाजवळ उभी.

इथे घर गार पडलं की पहिला संशय बॉयलरवर, आणि तो जुना असला की लगेच नव्या बॉयलरचं कोटेशन. मी आधी पाइपांना हात लावून पाहिले. बॉयलरमधून निघणाऱ्या पाइपावर हात ठेववत नव्हता. परत येणारा पाइप थंडगार. म्हणजे गॅस येतोय, ज्योत आहे, पाणीही तापतंय, पण ते जागचं हलत नाही. तापलेलं पाणी पुढे गेलं नाही की बॉयलर स्वतःला वाचवायला बंद होतो. वरच्या मजल्यावरचा एकच रेडिएटर कोमट होता. गरम पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, तेवढंच.

आमच्या घरात पंप वरच्या कपाटात, गरम पाण्याच्या तांब्याच्या सिलिंडरला खेटून, चादरी-टॉवेलांच्या फळीखाली. त्याच्या पुढे मोटारीवर चालणारे दोन व्हॉल्व्ह, एक सिलिंडरसाठी आणि एक रेडिएटरसाठी. व्हॉल्व्ह उघडला की त्याच्या पोटातला बारका स्विच दाबला जातो आणि मगच बॉयलरला पेटण्याचा इशारा मिळतो. बॉयलर पेटतोय, त्याअर्थी तिथवरचं सगळं ठीक. राहिला पंप. त्याच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. नुसती गुणगुण. फिरण्याचा आवाज नाही.

आई दारात उभी राहून बघत होती. वडिलांचं इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागाच्या मोटारींच्या आवाजात तिचा जन्म गेला. तीही कान लावून म्हणाली, "गुणगुणतंय आणि फिरत नाही. कंडेन्सर गेला असंल बघ."

आज रात्रीपुरता आईच्या खोलीत विजेचा हीटर. आंघोळीचं पाणी सिलिंडरमधल्या ३ किलोवॅटच्या कॉइलवर तापवलं.

१२ जानेवारी

आईचं म्हणणं तपासायचं ठरवलं. पंपाच्या स्पर स्विचमधला ३ अँपिअरचा फ्यूज काढला आणि खिशात ठेवला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. घरातलं कुणी सहज चालू करेल. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून पाहिला, मग पंपाच्या तारांवर. वीज नाही. पाणी निवेपर्यंत थांबले.

पंपाच्या तोंडावर मधोमध रुपयाएवढा चकचकीत स्क्रू असतो. खाली फडकं धरून तो हळूहळू सैल केला. लेकीने टॉर्च धरला होता. आधी फुस्स करून हवा, मग फडक्यावर काळे थेंब, अगदी दौतीतल्या शाईसारखे. स्क्रूच्या मागे दांड्याचं टोक दिसतं आणि त्यावर बारीक खाच असते. खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवलं तर दांडा हलेना. जोर न लावता एकदा इकडे, एकदा तिकडे असं करत राहिले. शेवटी करकरत सुटला, पण मध्ये रेती असावी असा हाताला लागत होता.

इथेच कंडेन्सरचा निकाल लागला. कंडेन्सर गेला असता तर दांडा हाताने सहज फिरला असता आणि वीज दिल्यावर मोटार उठली नसती. इथे दांडाच जाम होता. फ्यूज घालताच पंप फिरू लागला, म्हणजे कंडेन्सर शाबूत. आईला सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "मग बेअरिंग?"

तासाभरात सगळे रेडिएटर तापले. आवाज मात्र खरखरीत आहे. हा पंप फार दिवस टिकणार नाही.

१३ जानेवारी

रात्रीतूनच पुन्हा बंद. शेजारच्या आजोबांना बोलावलं. हयातभर हीटिंगचं काम करून ते निवृत्त झालेत. त्यांनी पंपाकडे एक नजर टाकली आणि कालचं काळं फडकं मागितलं. बोटांत चोळून पाहिलं. पंप बदलायलाच हवा म्हणाले, पण तो कशाने गेला ते आधी बघ.

मग किती तरी वेळ त्यांनी ते काळं पाणी समजावून सांगितलं. रेडिएटर पोलादाचे. आतल्या पाण्यात प्राणवायू बेताचाच असेल तर लोखंडाचा लाल गंज होत नाही, काळा ऑक्साइड होतो. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. पिठासारखा बारीक, जड, आणि चुंबकाला चिकटणारा. तो रेडिएटरच्या तळाशी बसतो, म्हणून रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यभागी गार लागतो. हे होताना हायड्रोजन सुटतो आणि रेडिएटरच्या डोक्यात साठतो. वारंवार हवा काढावी लागते ती पुष्कळदा हवा नसतेच. पूर्वीचे कारागीर तिथे काडी ओढून पाहत. वायू पेटला की समजायचं, आत गंज चढतोय. हे घरी कुणी करू नये, असंही त्यांनी बजावलं.

गेल्या हिवाळ्यात सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने आमच्या वरच्या रेडिएटरची हवा काढून दिली होती. ती साठते का, हे त्याने पाहिलं नाही. पैसे मात्र पूर्ण भेटीचे घेतले. मला याचा राग आहे.

उद्या संक्रांत. आईने आजोबांना तिळाचे लाडू बांधून दिले.

१४ जानेवारी

पंप आणला. इथल्या घरगुती पंपांची मापं ठरलेली आहेत, ही मोठी सोय: दोन तोंडांमधलं अंतर १३० मिलिमीटर, नट दीड इंची. जुना कुठल्याही कंपनीचा असो, त्या जागी नवा बसतो. मी ग्रुंडफॉसचा १५-५०/६५ घेतला. शेवटचा आकडा पाणी किती उंच ढकलेल त्याचा, म्हणजे साडेसहा मीटर.

जुना पंप सर्वांत वरच्या वेगाला ९० वॉटच्या आसपास वीज खायचा. युरोपात २०१३ पासून तसले पंप नव्याने विकायला आणण्यावर बंदी आली आणि २०१५ मध्ये नियम आणखी कडक झाला. नव्या पंपात कायमचुंबकाची मोटार असते. विजेत मोठी बचत. पण मॅग्नेटाइट चुंबकाकडेच धावतो. घाणेरड्या पाण्यात नवा पंप बसवला तर जुन्यापेक्षा लवकर जायची भीती. आजोबा पंपाआधी पाण्याकडे का वळले, ते हे.

१५ जानेवारी

आज बसवला. पंपाच्या वर-खाली एकेक बंद करायचा व्हॉल्व्ह आहे. वर्षानुवर्षं हात न लागलेले व्हॉल्व्ह एकदम आवळायचे नाहीत; थोडे बंद, थोडे उघडे, असं करत नेले. वरचा घट्ट बसला. खालचा पूर्ण बसेना, बारीक धार राहिली. लेक पातेली बदलत राहिली, आई टॉवेल पिळत राहिली. व्हॉल्व्ह अजिबात धरला नसता तर सगळं पाणी बागेत सोडावं लागलं असतं.

तारा सोडवल्या. मोठ्या पाइप पान्याने नट सोडताना पाइपाला दुसऱ्या पान्याने धरून ठेवावं लागतं, नाही तर तांब्याचा सांधा पिळतो. नट सुटले आणि पंप हातात आला. त्याच्या पोटातून काळा चिखल पातेल्यात पडला. आईने फ्रिजवरचं चुंबक आणून पातेल्याच्या कडेला बाहेरून धरलं. तळाचा गाळ सरकत सरकत त्या कडेला जमा झाला. आम्ही तिघी वाकून बघत होतो.

जुने वॉशर तुकड्या-तुकड्यांनी खरवडून काढले. कण राहिला तरी गळती. नवे वॉशर, बाण वरच्या दिशेने कारण आमच्याकडे पाणी खालून वर जातं, आणि दांडा आडवा. दांडा उभा राहिला तर बेअरिंगवर भार येतो आणि हवा अडकते. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आधी खालचा व्हॉल्व्ह उघडला, सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहिला, मग वरचा. नव्या पंपातली हवा वेगळी काढावी लागत नाही. आवाज इतका कमी की पुन्हा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून खात्री केली.

रेडिएटरची हवा काढताना मात्र एक गोष्ट खटकली. किल्ली फिरवली की पाणी यायला फारच वेळ लागत होता.

१८ जानेवारी

माळ्यावर चढले. छताखाली छोटी टाकी असते. हीटिंगचं पाणी कमी झालं की तीतून भरतं, आणि तापून फुगलेल्या पाण्याला वाट म्हणून एक पाइप वरून वाकून तिच्यात उघडतो. टाकीतलं पाणी गार हवं. ते कोमट होतं आणि रंग तांबूस. तांबूस म्हणजे इथे भरपूर हवा मिळतेय.

आजोबांनी सांगितलेली शेवटची तपासणी केली. टाकीतून येणारा पाइप पंपाजवळ मुख्य पाइपाला जिथे मिळतो, तिथे चुंबक फिरवलं. तांब्याला चुंबक लागत नाही. सांध्यापाशी ते टक्कन चिकटलं. आत मॅग्नेटाइटचा बोळा.

आता सगळी साखळी लागली. भरणाऱ्या पाइपाचं तोंड बुजलं की पंप वरच्या पाइपातून एक तर पाणी टाकीत फेकतो, नाही तर हवा खाली ओढतो. हवेने गंज, गंजाने गाळ, गाळाने तोंड आणखी बुजतं. त्यात पंप अडकला. नुसता पंप बदलून गप्प बसले असते, तर हे चक्र उद्यापासून पुन्हा सुरू होतं.

२५ जानेवारी

प्लंबरकडून तो सांधा कापून नवा घालून घेतला. कापलेला तुकडा मी मागून घेतला: पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपावर चुंबकाचा फिल्टरही बसवून घेतला. बीएस ७५९३ या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत असा फिल्टर आणि दर वर्षी पाण्याची तपासणी सांगितली आहे. बॉयलरचं झाकण उघडायचं काम असतं तर गॅस सेफचं नोंदणीपत्र असलेला माणूसच लागला असता. हे त्याच्या बाहेरचं.

त्यानंतर टाकीतून गाळ सुटवणारं रसायन सोडलं. ते आठवडाभर फिरू द्यायचं. तोंड बुजलेलं असताना ओतलं असतं तर टाकीतच पडून राहिलं असतं.

८ फेब्रुवारी

मागच्या शनिवारी सगळं पाणी सोडून दिलं, नितळ येईपर्यंत धुतलं आणि गंजरोधक घालून पुन्हा भरलं. खिडकीत दोन बरण्या ठेवल्या आहेत: एकीत नळाचं पाणी, एकीत रेडिएटरमधलं, दोन्हींत साधे लोखंडी खिळे. नळाच्या पाण्यातले खिळे तांबूस झाले. दुसरे अजून चकचकीत.

फिल्टर उघडला तर चुंबकावर काळा थर होता, पण पातळ. धुऊन परत बसवला. टाकीतलं पाणी गार. आईच्या खोलीतला रेडिएटर वरपासून तळापर्यंत सारखा तापतो. पंपाशेजारी पत्र्यावर बदलल्याची तारीख, गंजरोधकाचं नाव आणि पुढच्या तपासणीचा महिना लिहून टाकला. आजोबांना बरणी दाखवायला उद्या जायचं आहे.