पिढी निवडताना

गाडी घ्यायची ठरली की सल्ला देणाऱ्यांची उणीव कधी भासत नाही. लग्न जमवताना जशी सारी नातीगोती एकदम जागी होतात, तसेच हेही आहे. फरक इतकाच की, लग्नात निदान एकाच वयाची स्थळे पाहायची असतात. गाडीच्या बाबतीत मात्र आजी, आई आणि नात एकाच वेळी समोर येऊन उभ्या राहतात, आणि तिघींचे नावही एकच असते! जुन्या पिढीची घ्यावी, मधल्या पिढीची घ्यावी, की अगदी नव्या पिढीची? प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. जरा खोलात शिरले की तो भरवशाचा होऊन बसतो. भरवसा ठेवायचा कोणावर? यंत्रावर, यंत्र दुरुस्त करणाऱ्यावर, की चालवणाऱ्यावर?

गेल्या वर्षी आम्हा नवराबायकोला या प्रश्नाबरोबर चांगले चार-पाच महिने काढावे लागले. आमची लेक अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या गनिसन नावाच्या गावी असते. ती पशुवैद्य आहे. पण कुत्र्यामांजरांची नव्हे, गाईगुरांची. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते सुमारे ५,४०० फूट. लेकीचे गाव खोऱ्यात आहे, असे तिथले लोक म्हणतात. आणि ते खोरेच मुळी ७,७०० फुटांवर आहे! थंडी अशी की, शून्याखाली पंचवीस-तीस अंश हे आकडे तिथे कोणी नवलाने सांगत नाही. तशात गाईंच्या विण्याचा हंगाम हिवाळा सरता सरता येतो, आणि अडलेली गाय दिवसाचीच अडेल असा काही नियम नाही. वासरू आडवे आले की फोन वाजतो, आणि आमची लेक गरम पाण्याची टाकी, औषधांची पेटी नि दोर घेऊन चाळीस-पन्नास मैलांवरच्या गोठ्याकडे निघते.

त्या फेब्रुवारीत तिची तेव्हाची गाडी रात्री एक वाजता भर रस्त्यात बंद पडली. मोबाइलला रेंज नाही, वाटेवर माणूस नाही. जवळच्या स्लीपिंग बॅगेत शिरून ती पहाटेपर्यंत बसून राहिली. पाचच्या सुमाराला गुरांना वैरण घालायला निघालेला एक शेतकरी तिथून गेला, म्हणून बरे. ही हकिकत तिने आम्हाला आठ दिवसांनी, तीही हसत हसत, सांगितली. मी मुकाट्याने ऐकून घेतली. हिला मात्र त्या दिवसापासून धड झोप लागेना. मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो, ते त्या नव्या गाडीचा छडा लावायलाच म्हणा ना.

माझी सारी नोकरी एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. कुंभार्ली नि आंबा घाट चढून आलेल्या गाड्यांचे पाटे, ब्रेकचे लायनर नि क्लचप्लेटा पाहता पाहता केस पांढरे झाले. त्यामुळे गाडी निवडायचे काम लेकीने माझ्यावर सोपवले. निदान मला तसे वाटावे, अशी व्यवस्था तिने केली.

तिला हवी होती पिकअप. पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. तिकडे राक्षसी आकाराच्या पिकअपही पुष्कळ दिसतात; पण त्या कुरणांतल्या अरुंद वाटांवर चटकन वळत नाहीत. म्हणून मधल्या आकाराची, आणि तीतही टोयोटाची टॅकोमा तिने मनाशी धरली होती. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९६८ साली जपानात निघालेली हायलक्स. आपल्याकडे ती २०२२ साली आली. अमेरिकेत मात्र तिच्या जागी १९९५ मध्ये खास त्या बाजारासाठी बनवलेली टॅकोमा आली. तिच्या आजवर चार पिढ्या झाल्या. पहिली २००४ पर्यंतची, दुसरी २००५ ते २०१५, तिसरी २०१६ ते २०२३, आणि चौथी २०२४ पासूनची. पहिली आता फारच वयात आली. राहिल्या तीन.

दुसऱ्या पिढीतली २०११ सालची एक गाडी गावातलाच एक म्हातारा शेतकरी विकत होता. चार लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन; अश्वशक्ती २३६; गिअर हाताने टाकायचे. बॉनेट उघडल्यावर मला माहेरी आल्यासारखे वाटले. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी दिसत होती आणि पान्याला हात घालायला जागा होती. मी बॅटरी नि लहानशी हातोडी घेऊन सरळ गाडीखाली शिरलो. अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ वर्षानुवर्षे चेसिस खात राहते. जुनी पिकअप घेणाराने इंजिनाआधी चेसिस ठोकून पाहावी, ती यासाठी. ही गाडी जन्मभर त्याच कोरड्या हवेत राहिलेली होती. हातोडीखाली चेसिस खणखणीत वाजली.

तिसऱ्या पिढीतली मिळाली २०१९ सालची. हिचे इंजिन साडेतीन लिटरचे, म्हणजे आधीच्यापेक्षा लहान. पण अश्वशक्ती २७८. चौथ्या पिढीतली अर्थात कोरी करकरीत. तिचे इंजिन तर अवघे २.४ लिटरचे, सिलिंडर चारच, पण जोडीला टर्बो; आणि अश्वशक्ती पुन्हा तीच २७८! आकडा एकच असला, तरी गाडी ओढते ती टॉर्कवर. आमच्या वर्कशॉपच्या भाषेत, पुलिंगवर. दुसऱ्या पिढीचे पुलिंग २६६ पौंड-फूट, ते इंजिनाच्या ४,००० फेऱ्यांना मिळते. तिसऱ्या पिढीचे २६५, पण त्यासाठी इंजिन ४,६०० फेऱ्यांपर्यंत पळवावे लागते. चौथीचे ३१७, आणि तेही अवघ्या १,७०० फेऱ्यांना.

हे आकडे खरे कळले ते मोनार्क खिंडीत. गावाच्या पूर्वेला ही खिंड ११,३१२ फुटांवर आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. माथ्यावर पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा वाटेतच सांडलेला असतो. जुनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, धापा टाकीत पण एका चालीने वर गेली. मधली सारखी गिअर बदलत राहिली. कोणत्या गिअरमध्ये राहावे, याचा निकालच तिला लागेना. लेकीने गिअर हाताने खाली उतरवून ठेवला, तेव्हा कुठे ती शहाण्यासारखी चढली. आणि नवी? टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबतो, त्यामुळे विरळ हवेचे तिला फारसे सुखदुःख नव्हते. ती गप्पा मारीत घाट चढली. मागची चाके पाट्यांऐवजी स्प्रिंगांवर, चारी चाकांना डिस्क ब्रेक. आधीच्या दोघींना मागे ड्रमच होते.

जावई नव्या गाडीच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे सरळ होते. पंधरा वर्षे वापरायची वस्तू, तर तिचे पहिले वर्षही आपलेच असावे. माझा जीव जुनीत अडकला होता. जिचे दोष चौदा वर्षांत साऱ्या जगाने पाहिले, तिच्याकडून अवचित दगा होत नाही, हे वर्कशॉपचे शहाणपण. नव्या मॉडेलची पहिली खेप आली की आम्ही तिला वर्षभर पाहुणीसारखे वागवीत असू. तिच्या खोडी कळेपर्यंत तिला लांबच्या रात्रीच्या फेरीला कोणी पाठवीत नसे.

वाद रंगला की आम्ही दोघेही इंजिनाविषयी बोलत राहायचो. एके दिवशी भाजी चिरता चिरता हिने विचारले, "ते पुलिंग राहू द्या. रात्री दोन वाजता गाडी बंद पडली, तर कोणती गाडी कोणाला दुरुस्त करता येईल?"

गावातल्या मेकॅनिकला हा प्रश्न विचारला. पंचवीस वर्षे तो हेच काम करीत आला आहे. तो म्हणाला, "जुनी मी डोळे मिटून करीन. मधली डोळे उघडे ठेवून करीन. नवीला माझ्याकडे संगणक आहे. पण तिचा आजार अजून माझ्या हाताखालून गेलेला नाही." असे बोलणारा माणूस मला कोणत्याही देशात आवडतो.

मग माझ्या मते जुनीच ठरायला हवी होती. पण लेक म्हणाली, "बाबा, चढावर पाच मिनिटे उशीर झाला तर गाय वाट पाहील. समोर काही आले आणि गाडी थांबायला उशीर झाला, तर?" तिने मांडलेला हिशेब असा होता. घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा २००९ पासून टॅकोमाच्या सगळ्या गाड्यांत आली, म्हणजे जुनीतही होती. पण टक्कर होण्याआधी आपण होऊन ब्रेक लावणारी आणि समोर गाडी नसेल तेव्हा मोठा दिवा आपण होऊन लावणारी यंत्रणा २०१८ पासून आली. रस्त्यावर येणारे सांबरासारखे एल्क त्या रडारला ओळखू येईल, अशी हमी नाही, हेही तिला ठाऊक होते. तरी मोठा दिवा लागलेला असला, तर ते निदान तिला स्वतःला लांबून दिसेल. शिवाय जुनी गाडी आखली गेली तेव्हा जेमतेम पाव तोंडावर बसणाऱ्या धडकेची कसोटी सुरू झाली नव्हती. ती अमेरिकेत २०१२ साली सुरू झाली.

त्या बोलण्यातून मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपण निर्दोष गाडी शोधीत होतो, आणि तशी गाडी कोणत्याच पिढीत जन्मत नाही. निवडायचे असतात ते दोष. जुनीचे दोष हाताने दुरुस्त होणारे, पण अपघाताच्या क्षणी तिची मदत थोडी. नवीत बळ अफाट, पण तिचे दोष अजून पोटात. मधलीचा दोष म्हणजे घाटातला तो चंचलपणा. तो गिअर हाताने धरला की आवरतो. जो दोष चालवणाराला ठाऊक आहे आणि पेलतो आहे, त्याच्यासह गाडी घ्यावी. माणसांच्या पिढ्यांनाही हे लागू पडते की काय, ते सुज्ञ वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

लेकीने मधली घेतली. टॅकोमाला जुनेपणीही किंमत येते, त्यामुळे ती काही फार स्वस्त मिळाली नाही. तरी नवीच्या मानाने जे पैसे वाचले, त्यांतून तिने बर्फात धरणारी चार टायरे, इंजिन रात्रभर ऊबदार ठेवणारा हीटर आणि उपग्रहावरून निरोप धाडणारे एक मुठीएवढे यंत्र घेतले. मोबाइलला रेंज नसली तरी त्याला आकाश पुरते. माझ्या मते त्या साऱ्या खरेदीत हीच सर्वांत शहाणपणाची खरेदी होती. ती कोणत्याही पिढीच्या गाडीत सारखीच उपयोगी पडते. दसऱ्याला हिने गाडीची पूजा केली. झेंडू मिळाला नाही, म्हणून अंगणातली पिवळी रानफुले ओवली. हौद्यातल्या औषधांच्या पेटीलाही हळदकुंकू लागले. त्यानंतर आठच दिवसांत आम्ही परतलो.

त्या हिवाळ्यात ती गाडी एकदाही अडली नाही, असे लेक सांगते. आणि या वेळी मी तिला आठ दिवसांची मुदत दिलेली नाही. त्या यंत्राचा निरोप माझ्याही मोबाइलवर येतो. तिकडे रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा सांगलीत दुपारचे अडीच होतात. जेवण उरकून मी खुर्चीत पडलेला असतो आणि ही वर्तमानपत्र चाळीत असते. फोन वाजतो. मार्च महिन्यातला एक निरोप आम्ही अजून पुसलेला नाही. त्यात एवढेच आहे: "पोचले. वासरू उभे राहिले. आईला झोपायला सांगा." ही भर दुपारी उठून देवापुढे दिवा लावते, आणि मग खरोखरच थोडा वेळ झोपते.