पावसाची वही

नोकरी करणाऱ्या बापाची घरांतील योग्यता पाहुण्यापेक्षां फारशी निराळी नसते. सकाळीं घाईनें जेवून तो बाहेर पडतो, दिवेलागणीला दमून परततो, आणि घरांतील बहुतेक गोष्टींचा निकाल त्याच्या पाठीमागेंच लागून गेलेला असतो. मी इंझोरीस राहतों व नोकरीकरितां रोज कारंजास जातों. त्यामुळें या पाहुणचाराचा मला चांगला अनुभव आहे. असा बाप मुलांच्या वाट्याला घटकाभर आला कीं त्याला उपदेशाची उबळ येते. पण उपदेश ऐकतांना मुलांचें सारें लक्ष दाराकडे असतें.

माझ्यापुरता या अडचणींतून मार्ग निघाला तो एका छंदामुळें. मला पाऊस मोजण्याचा नाद आहे. झाडांपासून व भिंतींपासून दूर, अंगणांत सरळ उभ्या कडांचा एक डबा मांडावयाचा, सकाळीं साडेआठ वाजतां त्यांत सांचलेलें पाणी पट्टीनें मोजावयाचें आणि आंकडा वहींत लिहावयाचा, एवढाच काय तो खटाटोप. हवामान खात्याची वेळहि साडेआठचीच.

डब्याचें तोंड लहान असो कीं मोठें, पाण्याची उंची सारखीच भरते, असें मीं मुलीला सांगितलें तेव्हां तिला तें मुळींच पटलें नाहीं. तिनें स्वयंपाकघरांतले लहानमोठे तीन डबे रात्रभर अंगणांत ठेवले आणि सकाळीं स्वतः मोजून खात्री करून घेतली. त्या दिवसापासून मोजणीचें काम तिच्याकडे गेलें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हें कळल्यावर धाकट्यानें आमच्या पत्र्यांवर किती घागरी पाणी पडलें याचा हिशेब करून आईला ऐकविला. “मग तें माझ्या घागरींत कां नाहीं?” असें तिनें विचारलें. पुढच्या मृगापूर्वीं पत्र्यांना पन्हळ लागली!

हा छंद माझ्या कल्पनेंतून निघालेला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारांत हातभर रुंद तोंडाचें पर्जन्यमापक भांडें ठेवावें, असें सांगितलें आहे. आमच्या वऱ्हाडांत तर बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेला घट मांडून वर्षाचा पाऊस वर्तविण्याची परंपरा आहे. माझ्या वहीची प्रतिज्ञा त्याहून पुष्कळ लहान. उद्यां काय पडेल तें तिला ठाऊक नाहीं. काल काय पडलें तेवढें ती सांगते.

पण तेवढ्यानेंहि एकदां मोठें काम झालें. आमची थोडी जमीन थोरले बंधू पाहतात. मुलें त्यांना मोठेबाबा म्हणतात. सोयाबीन आणि तूर, दोन्ही पावसाच्या भरंवशावर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरूं नये, असा कृषि खात्याचा सल्ला असतो. पण पहिल्या सरी पडून मातीचा वास सुटला, शेजारच्या शेतांत ट्रॅक्टर फिरूं लागला, कीं सल्ला कोणाच्या ध्यानांत राहतो? त्या वर्षीं बंधूंनीं बियाण्याचीं पोतीं बाहेर काढलीं होतीं. माझी मुलगी वही घेऊन त्यांच्यापुढें उभी राहिली, बेरीज दाखविली आणि म्हणाली, “मोठेबाबा, अजून नाहीं.” ते हंसले; पण थांबले. पुढें पावसानें अशी ओढ दिली कीं आधीं पेरणाऱ्यांपैकीं कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. पुन्हां बियाणें घेणें म्हणजे काय, हें ज्याच्या घरीं शेती आहे त्याला सांगावयास नको. बंधूंनीं शाबासकी वगैरे कांहीं दिली नाहीं. दुसऱ्या वर्षीं मात्र मृग लागतांच ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि विचारते झाले, “काय म्हन्ते वं बाई तुही वही?”

त्या वहींत आंकड्यापुढें शेऱ्याची जागा आहे. तेथें कोणाचें तरी वाळवण भिजलें आहे, आजीचा गुडघा दुखला आहे, धाकट्याची परीक्षा पार पडली आहे. प्रथम वांकडीं, मग हळूहळू सरळ होत गेलेलीं मुलांचीं अक्षरें त्यांत आहेत. पण पानेंच्या पानें नुसतीं शून्यांचीं आहेत. पाऊस पडला नाहीं तरी डबा पाहावा लागतो आणि शून्य लिहावें लागतें. तें गाळलें तर वर्षाची बेरीज खरी म्हणतां येत नाहीं. संसारांतले बहुतेक दिवस असे शून्याचे असतात. सणासुदीला, आजारपणांत, निकालाच्या दिवशीं बाप घरीं असतोच. कांहींच घडत नाहीं अशा दिवशीं मुलांबरोबर अंगणांत पांच मिनिटें उभें राहण्याची सवय मला या डब्यानें लावली.

यंदा मुलगी कृषिशिक्षणासाठीं अकोल्यास गेली. १९६९ सालीं स्थापन झालेलें पंजाबराव देशमुखांच्या नांवाचें विद्यापीठ तेथें आहे. आतां पट्टी धाकट्याच्या हातीं आली आहे. रोज पावणेनऊच्या सुमारास तिचा फोन येतो आणि ती पहिला प्रश्न “किती?” एवढाच करते. धाकटा आंकडा सांगतो. मग शेऱ्याच्या रकान्यांत काय लिहिलें तें ती विचारते, आणि तें सांगतां सांगतां माझी गाडी कधीं कधीं चुकते.