फिलाडेल्फियाचा ‘काळा शुक्रवार’

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं अमेरिकेंत ‘थँक्सगिव्हिंग’ हा कृतज्ञतेचा सण असतो. त्या दिवशीं सहकुटुंब भोजन करून ईश्वराचे आभार मानावे व दुसरे दिवशीं खरेदीस बाहेर पडावें, असा तेथील प्रघात. या दुसऱ्या दिवसास ‘ब्लॅक फ्रायडे’, म्हणजे ‘काळा शुक्रवार’, म्हणतात. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच्या जन्मभूमींत, फिलाडेल्फिया नगरींत, तो पाहण्याचा योग आम्हांस आला.

तेथील सिटी हॉलशेजारीं जॉन वॉनामेकर या व्यापाऱ्यानें बांधलेली भव्य इमारत आहे. 1911 च्या डिसेंबरांत राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. घासाघीस बंद करून एकच भाव ठेवणारा हा गृहस्थ. नाताळानंतरच्या मंदींत, 1878 च्या जानेवारींत, पांढऱ्या कापडाचा सवलतीचा सेल त्यानेंच भरविला. इमारतीच्या मध्यभागीं सात मजले उंच चौक, त्यांत ब्राँझचा प्रचंड गरुड आणि वर 28,000 हून अधिक नळ्यांचा ऑर्गन. ‘गरुडापाशीं भेटूं’ हा नगरवासीयांचा जुना संकेत. ऑर्गन वाजूं लागतांच हातांत पिशव्या घेतलेलीं माणसें माना वर करून स्तब्ध उभीं राहिलीं. बाजारांत असली शांतता आम्हीं अन्यत्र अनुभविली नाहीं.

या दिवसाच्या नांवाची व्युत्पत्ति मोठी बोधप्रद आहे. हिशेबवहींत तोटा तांबड्या शाईनें व नफा काळ्या शाईनें लिहीत; या शुक्रवारपासून दुकानदार काळ्या शाईंत येतो, असें पुष्कळ लोक सांगतात. परंतु ही उपपत्ति 1980 च्या सुमारास पुढें आली. मूळ नांव येथील पोलिसांनीं 1950 नंतरच्या दशकांत दिलें. खरेदीची झुंबड, शनिवारच्या लष्कर-नौदल फुटबॉल सामन्याचे प्रेक्षक, तुंबलेले रस्ते आणि रद्द झालेल्या रजा यांनीं जेरीस येऊन त्यांनीं त्या दिवसास ‘काळा’ म्हटलें. 1961 मध्यें व्यापाऱ्यांनीं ‘बिग फ्रायडे’ हें नांव रूढ करण्याचा यत्न केला. तें टिकलें नाहीं. पुढें नांव तेंच राहिलें, अर्थ मात्र पालटला.

व्यापाराचा हात खुद्द सणापर्यंतही पोंचला होता. नाताळच्या खरेदीस अधिक दिवस मिळावे म्हणून 1939 मध्यें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे आणला. कांहीं राज्यांनीं नवा गुरुवार पाळला, कांहींनीं जुना. अखेर 1941 मध्यें कायद्यानें चौथा गुरुवार ठरविला.

2005 पासून ‘सायबर मंडे’ हा घरबसल्या खरेदीचा सोमवार निघाला आणि गर्दीस ओहोटी लागली. वॉनामेकरच्या त्या चौकांतील दुकान अलीकडे मेसीज कंपनीचें होतें. 2025 च्या मार्चमध्यें तेंही बंद झालें.

आतां ‘ब्लॅक फ्रायडे’च्या जाहिराती पुण्या-ठाण्याच्या घरांतही मोबाइलवर येतात. स्वस्तांत वस्तु घेण्यास आमचा आक्षेप नाहीं. पाडव्यास व दसऱ्यास खरेदी आपणही करतोंच. परंतु आपल्याकडे आधीं पूजन, मग खरेदी. तिकडेही आधीं कृतज्ञता, मग बाजार. आपल्या दारीं शुक्रवार तेवढा आला, त्याचा गुरुवार तेथेंच राहिला.