पहिला पाटा सोपा हवा

रेला म्हणजे आम्हा गोंडांचा रिंगणातला नाच. त्याचे पाटे मी शाळेच्या शंभरपानी वहीत उतरवून ठेवलेत. पाटा म्हणजे गोंडीत गाणं. वहीत शब्द कमी, खुणा जास्त. पाय किती पुढे, किती मागे, हात खांद्यावर की कमरेमागे, वाकायचं कुठे. आजी असती तर वहीला हसली असती. पण तिच्या रिंगणात सगळ्या गावच्याच होत्या. माघ पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेत माझ्या रिंगणात कोण येईल, सांगता येत नाही. दरेकसा स्टेशनात उतरून धनेगावकडे निघालेल्या बालाघाटच्या, राजनांदगावच्या बाया, नागपूरच्या बूट घातलेल्या कॉलेजच्या मुली.

त्यातल्या निम्म्यांचा पहिला पाय चुकतो. देवळाची प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने घालायची सवय, आणि आमचं रिंगण घड्याळाच्या उलट फिरतं. लग्नातले फेरेही आमचे तसेच. म्हणून पहिला पाटा असा हवा की कडेवर लेकरू असलेली बाईसुद्धा दुसऱ्या फेरीत बरोबर फिरेल. शब्द दोनच ओळींचे, पाय दोनच.

भाच्याने एकदा मोबाइलवर अमेरिकेतला कॉन्ट्रा डान्स दाखवला. समोरासमोर दोन रांगा, आणि माइकवर एकजण पुढची चाल पुकारतो. त्याला कॉलर म्हणतात. आधी वाजप नसताना सगळ्यांना चालवून दाखवतो, मग नाच अंगात भिनला की हळूहळू गप्प होतो. त्याच्याकडेही खुणांची कार्डं! आमच्यात चालवून दाखवायची रीत नाही, ते काम पहिल्या पाट्यालाच करावं लागतं. त्याचं ते गप्प होणं मात्र मला फार आवडलं. मला अजून जमत नाही.

अवघड पाटा शेवटी ठेवायचा मोह होतो. मी तो तिसरा घेते. तोवर पाय तापलेले असतात, थकलेले नसतात. हाताची पकड सारखी असलेले पाटे लागोपाठ घेते. प्रत्येक वेळी हात सोडवून पुन्हा गुंफायचे म्हटलं की रिंगणातून चार बाया पाणी प्यायला जातात त्या जातातच. आणि थकवा मी पायांवरून ओळखत नाही, कानाने ओळखते. अर्धं रिंगण ओळ टाकतं, अर्धं उचलतं. उचलणाऱ्यांना अर्धा श्वास उशीर झाला की पाटा बदलायचा, कितीही रंगलेला असो.

एके वर्षी कानाचं ऐकलं नाही. मागे सरकायचा पाटा मला फार प्रिय, तो रात्री उशिरा घेतला, आणि जागा उतरती. तिसऱ्या फेरीला वरच्या बाजूच्या बाया मागे सरकल्या त्या खालच्यांना ओढतच. एक म्हातारी गुडघ्यावर बसली. लागलं नाही फारसं. धूळ झटकत म्हणाली, "माय, गाना तं बेस आहे, जमीन पाहून घेत जा ना."

आता जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मी जागेवर अनवाणी एक फेरी मारून येते. दगड, उतार, मांडवाच्या दोऱ्या. रेल्वेच्या बोगद्याकडून गाडीचा भोंगा ऐकू येतो, तोवर तळव्यांना जमीन कळलेली असते. मागे सरकायच्या त्या पाट्यापुढे वहीत पेन्सिलीने फुली आहे. पेनाने मारवत नाही.