उरलेले केंस

आमच्या सासूबाईंच्या फणेरपेटींत एक बारीकसा लोखंडी चिमटा आहे. फणी, मेणाची डबी व कुंकवाचा करंडा यांच्याही तळाशीं, जुन्या रुमालाच्या घडींत तो ठेवलेला असतो. या घरांत येऊन मला तेहतीस वर्षें झालीं. पण त्या चिमट्याचें प्रयोजन मला अगदीं अलीकडे, गेल्या पौषांत कळलें. तें कसें कळलें हें सांगावयाचें तर माझ्या पुतणीची सारीच हकीकत सांगितली पाहिजे. ती मी तिच्या संमतीनेंच सांगत आहें. "नांव तेवढें घालूं नकोस काकू, बाकी सगळें लिही," असें तिनें मला बजावून ठेवलें आहे.

आमचें घर राहात्याचें. शिर्डीला जाणाऱ्या लोकांना नगर-मनमाड रस्त्यावरील रहदारीचें एक गांव म्हणून, आणि थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेला रचलेल्या पेरूंच्या पाट्यांवरून, तें ओळखीचें असेल. १९९९ पासून तें तालुक्याचें ठिकाण झालें आहे. घरांत सासूबाई, आम्ही दोघी जावा, आमचे यजमान आणि मुलेंबाळें धरून दहा माणसें. अशा घरांत कोणाला आंघोळीला किती वेळ लागतो हें देखील सर्वांच्या हिशेबांत असतें. त्यामुळें पुतणी सोळाव्या वर्षापासून न्हाणीघराचें दार लावून अर्धा अर्धा तास आरशापुढें बसते, ही गोष्ट आम्हां सर्व बायकांना ठाऊक होती, आणि तिजविषयीं एक अक्षरही आम्ही कोणी तोंडांतून काढीत नव्हतों. तिच्या हनुवटीवर व जबड्याच्या कडेनें राठ काळे केंस येत.

पाळी अनियमित होती म्हणून अखेर डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां निदान झालें. हल्लींच्या मुली त्याला 'पीसीओएस' या आद्याक्षरांनींच ओळखतात. शरीरांत पुरुषी संप्रेरकांचें प्रमाण थोडें वाढतें, पाळी लांबते, आणि जेथें नुसती लव असावयाची तेथें राठ केंस उगवूं लागतात. "ही सगळी मोबाईलची आणि बाहेरच्या खाण्याची देणगी," असें धाकट्या जाऊबाईंचें मत पडलें. शिकागोच्या स्टाईन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनीं या दुखण्याचें वर्णन १९३५ सालींच करून ठेवलें आहे, असें मीं त्यांना सांगून पाहिलें. परंतु शिकागोच्या डॉक्टरांपुढें जाऊबाईंनीं हार खाल्ली नाहीं.

लेसर केलें तें एका मोठ्या शहरांत. त्या दवाखान्याचें नांव मी घेत नाहीं; इतरत्र फारसा निराळा अनुभव आला असता असें मला वाटतही नाहीं. फलकावर 'कायमचें' हा शब्द ठळक अक्षरांत होता. दर सहा आठवड्यांनीं एक अशा आठ बैठका झाल्या, जवळजवळ वर्ष गेलें, आणि खरें सांगावयाचें तर उपयोगही पुष्कळ झाला. काळे राठ केंस बहुतेक गेले. मुलगी हनुवटीपर्यंत ओढणी न ओढतां बाहेर जाऊं लागली. पण कांहीं केंस उरले. एका दुपारीं खिडकीशीं बसून तिनें ते मोजले : एकेचाळीस.

वाचकभगिनींपैकीं कोणी म्हणतील कीं, शेंकड्यांनीं होते ते गेले, मग या एकेचाळिसांचें काय एवढें? मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. पण तांदूळ निवडून झाल्यावर राहिलेला एकच खडा दांताखालीं आला म्हणजे काय होतें, हें आपणां सर्वांच्या अनुभवाचें आहे. पूर्वीं ती आरशापुढें अर्धा तास बसे. आतां एक तास बसूं लागली.

लेसरवाल्यांनीं आणखी दोन बैठका, मग आणखी दोन, असा क्रम चालविला होता. शेवटीं पुण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनीं पांच मिनिटांत उलगडा केला. लेसरचा प्रकाश केंसांतल्या काळ्या रंगद्रव्यांत शोषला जातो, तेथें त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता केंसाचें मूळ जाळते. अँडरसन व पॅरिश या दोन शास्त्रज्ञांनीं हें तत्त्व १९८३ सालीं मांडलें. केंस काळा व जाड असला तर तो मरतो. पांढरा किंवा भुरा असला तर त्यांत जळावयास कांहीं नसतेंच, मग बैठका आठ करा कीं अठ्ठावीस करा. आपल्या गव्हाळ कातडींतही तेंच रंगद्रव्य असतें, म्हणून आपल्याकडे लेसरही जपून, लांब तरंगलांबीचा, निवडावा लागतो. नाहीं तर केंस राहून कातडीच भाजावयाची. पुतणीच्या एकेचाळिसांत कांहीं भुरे होते, कांहीं लवेसारखे बारीक होते, आणि चार तर चक्क पांढरे होते. कानाखालची लव लेसरनंतर उलट थोडी जाड झाली होती. चेहऱ्यावर, विशेषतः आपल्याकडच्या बायकांत, असें क्वचित् घडतें. अमेरिकेचें अन्न व औषध प्रशासन लेसरवाल्यांना 'केंसांत कायमची घट' एवढेंच म्हणूं देतें, 'कायमचें निर्मूलन' म्हणूं देत नाहीं, हेंही त्या बाईंनींच सांगितलें. फलक रंगविणाऱ्याला मात्र हा भेद कोणी सांगितलेला नसावा.

उरलेल्या केंसांना उपाय एकच : विजेची सुई. तिला रंगाची पर्वा नसते. रीत जुनी आहे. पापण्यांचे केंस आंत वळून डोळ्याला टोंचतात, त्यांसाठीं अमेरिकेंतील सेंट लुई शहराच्या चार्ल्स मिशेल नांवाच्या नेत्रवैद्यानें ती १८७५ सालीं काढली. केंसाहून बारीक सुई केंसाच्या शेजारून त्याच्या मुळाशीं सोडावयाची, ती ऋण टोंकाला जोडावयाची, आणि धन टोंकाची दांडी रुग्णानें हातांत धरावयाची. मग अगदीं थोडा प्रवाह सोडला कीं, कातडींतल्या खारट ओलाव्याचा तेथल्या तेथें दाहक सोडा बनतो व तो मूळ मारून टाकतो.

हें ऐकतांना मला हंसूं आलें. मी तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकविलें. टॉर्चच्या संपलेल्या सेलांतल्या दोन कांड्या मिठाच्या पाण्यांत बुडवून विद्युत अपघटन मीं किती वर्गांना दाखविलें असेल याची गणती नाहीं. ऋण कांडीपाशीं हळदीचा कागद धरला कीं तो लाल होतो, आणि "बाई, कुंकू झालें!" असें मुली ओरडत. तेंच आतां माझ्या पुतणीच्या हनुवटींत व्हावयाचें होतें. पुढें उच्च वारंवारतेच्या विजेच्या उष्णतेनें मूळ जाळण्याची दुसरी रीत निघाली, आणि हल्लीं दोन्ही एकत्रही करतात. तिला ही मिश्र रीतच लागू केली.

एका केंसाला कांहीं सेकंद लागतात. नीट मेला असेल तर तो लोण्यांतून काढावा तसा अलगद येतो. ओढ लागली तर मूळ जिवंत आहे असें समजावें. चटका बसतो, पहिल्या दिवशीं तिच्या डोळ्यांतून पाणी आलें, तरी दांडी तिनें सोडली नाहीं. नंतर दोन दिवस लाल ठिपके, मग बारीक खपल्या. त्या खरवडल्या किंवा ऊन लागूं दिलें तर आपल्या कातडीवर काळे डाग राहतात. सुई प्रत्येकाला नवी पाहिजे. ज्यांच्या जखमेचा व्रण फुगून वाढतो त्यांनीं तें आधीं सांगितलें पाहिजे, आणि हृदयाला यंत्र बसविलेल्यांनीं तर या वाटेला जाऊंच नये. शिवाय एका वेळीं सगळे केंस वाढीच्या अवस्थेंत नसतात. आज झोंपलेला तीन महिन्यांनीं उगवतो. तेव्हां एकेचाळीस केंस म्हणजे एकेचाळीस टोंचण्या हा हिशेब चुकीचा. वर्षभर तरी जावयाचें होतें.

घरांतल्या पुरुषांना "दांतांच्या डॉक्टरांकडे जातों" असें सांगावें, हें जाऊबाईंनीं ठरविलें व मींही मान डोलावली. पहाटेच्या गाडीनें आम्ही दोघी निघूं, डॉक्टरीणबाईंसाठीं पिशवींत पेरू असत. भाऊजींनीं मुलीच्या दांतांची इतकी काळजी घेतली कीं, एके दिवशीं लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली. ती अजून फडताळांत आहे.

खरी अडचण निराळीच होती. सुई लावावयाची तर केंस चिमट्यांत धरतां येण्याइतका बाहेर आलेला पाहिजे. उपटणें, दोरा फिरविणें, मेण लावणें सर्व बंद. म्हणजे दर खेपेच्या आधीं तीन दिवस, ज्यासाठीं हा सारा खटाटोप, तीच गोष्ट चारचौघांत घेऊन वावरावयाचें. संक्रांतीचें हळदीकुंकू आमच्याकडे शुक्रवारीं होतें, आणि पुण्याची वेळ शनिवारची होती.

"आजच्या दिवस काढून टाक, नाहीं तर वरच्या खोलींत बैस," जाऊबाई म्हणाल्या. मींही त्यांचीच री ओढली. डोकें दुखतें असें सांगूं, म्हणालें. पुतणी कांहीं बोलली नाहीं. चार वाजतां काळी चंद्रकळा नेसून, हातांत तिळगुळाचें तबक घेऊन ती खालीं आली.

हनुवटीला हात लावून कौतुक करावयाची आपली रीत. शेजारच्या एका वयस्क बाईंनीं तसा हात लावला आणि तो तेथेंच थांबला. "अगंबाई, हें काय ग? दाढी राखलीस कीं काय?" त्या मोठ्यानें म्हणाल्या. बसलेल्या बायका हंसल्या. माझ्या हातांतली अत्तरदाणी थरथरली.

"हो मावशी," पुतणी म्हणाली. "तीन दिवस वाढवली आहे. उद्यां पुण्याला जाऊन एकेक मुळासकट काढायची आहे. तिळगूळ घ्या."

कोणाला काय बोलावें सुचेना. मग कोणी बांगड्यांचा विषय काढला व बैठक सांवरली. पण जातांना एक बाई दाराशीं रेंगाळल्या, आणि पदर तोंडाशीं धरून त्यांनीं मला डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. "सुनेसाठीं हो," म्हणाल्या. पदर मात्र त्यांनीं शेवटपर्यंत सोडला नाहीं.

त्या रात्रीं सासूबाईंनीं आम्हां तिघींना आपल्या खोलींत बोलाविलें, फणेरपेटी उघडली आणि तो चिमटा काढून पुतणीच्या हातावर ठेवला. पन्नास वर्षें, घर उठण्यापूर्वीं, खिडकीच्या पहिल्या उजेडांत त्या हनुवटीवरचे केंस काढीत होत्या. "तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत कळलें नाहीं," असें सांगतांना त्यांच्या स्वरांत थोडा अभिमानही होता.

मग त्या दुसरेंच बोलूं लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हां या घरांत मामंजींच्या एक आत्याबाई होत्या. लहानपणींच विधवा झालेल्या, लाल अलवणांतल्या. पंधरवड्यानें न्हावी मागल्या दारानें येई. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांनीं विधवांचे केंस काढणार नाहीं म्हणून संप केला होता, हें मीं वर्गांत शिकविलेलें. पण आमच्याच मागल्या दारानें वस्तरा येत होता हें मला कोणी सांगितलें नव्हतें. "त्यांचे काढले, त्यांना कोणी विचारलें नाहीं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तुला विचारतें. हे तुला नकोत, कीं आम्हांला नकोत?"

पुतणी बराच वेळ चिमटा उघडझाप करीत बसली. "मला नकोत," ती म्हणाली, आणि थोडें थांबून, "निम्मे तरी मला नकोत, आजी."

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुण्याला निघालों तेव्हां भाऊजींनीं दांतांविषयीं कांहीं विचारलें नाहीं. एस्‌टीपर्यंत आमची पिशवी मात्र त्यांनीं धरली.

फाल्गुनांत एक स्थळ आलें. पत्रिका जमली, मुलगा मुलीला पसंत पडला. आजाराची गोष्ट आतांच सांगूं नये, लग्नानंतर नवराबायको पाहून घेतील, असा सल्ला मीं दिला. तो जाऊबाईंनीं नव्हे, मीं दिला. हें येथें लिहून ठेवणें मला भाग आहे. पुतणीनें दुसऱ्या भेटींत मुलाला सर्व सांगितलें : पाळी, औषधें, पुढें मूल होण्यास कदाचित् वेळ लागेल हें, आणि सुई देखील. तो नीट बोलला म्हणे. आठ दिवसांनीं त्याच्या घरून निरोप आला कीं, पत्रिका जमत नाहीं.

ती एक रात्र रडली. जाऊबाई माझ्याशीं चार दिवस बोलल्या नाहींत. मीं मुलीला अडविलें नाहीं म्हणून. मुलगी मात्र मला एका शब्दानेंही बोलली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

आतां तिचे सहासात केंस राहिले आहेत. संप्रेरकांचें औषध चालूच आहे, आणि नवे केंस येणारच नाहींत असें वचन डॉक्टरीणबाईंनीं दिलेलें नाहीं. मागल्या खेपेस तिचें आटोपल्यावर त्यांनीं माझ्या हनुवटीकडे पाहिलें. पाळी गेल्यापासून तेथें पांढरे केंस येतात. दर आठवड्याला मी ते कात्रीनें कापतें, कोणाला दिसत नाहींत अशी माझी समजूत होती. "काकू, तूंही बैस ना," पुतणी म्हणाली आणि माझ्या हातांतली पिशवी तिनें घेतली. मी त्या उंच टेबलावर निजलें, धन टोंकाची दांडी मुठींत धरली. साठाव्या वर्षीं आपणच मिठाच्या पाण्याचें भांडें झालों आहों, असें मनांत आलें. पहिली टोंचणी वाटली होती त्याहून बरीच झोंबली.

पुढची तारीख दोघींची एकाच दिवशीं घेतली आहे. घरीं आल्यावर चिमटा आतां कशाला ठेवतां म्हणून मीं सासूबाईंना विचारलें. "डोळ्यांना दिसत नाहीं आतां कांहीं," त्या म्हणाल्या, "पण असूं दे." आणि त्यांनीं तो रुमालांत गुंडाळून पुन्हां तळाशीं ठेवला.